कौन्सिलवरची डोंगराची जागा

मला राजकारणाचा कंटाळा होता. पुण्यात असताना मतदानाच्या दिवशी सकाळी सकाळी जाऊन बोटाला शाई लावून घ्यायची, शाईचा फोटो काढायचा आणि मग पुढची निवडणूक येईपर्यंत सगळ्यांना नावं ठेवायची, एवढंच माझं योगदान. आयर्लंडला आलो तेव्हा वाटलं, चला, सुटलो! आपण इथले नागरिक नाही, आपल्याला कोण विचारतंय? नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी कॉर्क शहराजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात, क्वालिटीच्या लॅबमध्ये. सकाळी गाडी काढायची, संध्याकाळी गाडी लावायची, आणि मुलीला मराठीत विचारलेल्या प्रश्नांची तिच्या कॉर्कच्या हेलातली इंग्रजी उत्तरं ऐकायची. बरं चाललं होतं.

घोळ केला तो फूटपाथने. आमची वसाहत गावाच्या अगदी कडेला. एका अंगाला नवी नवी एकसारखी घरं, दुसऱ्या अंगाला कुंपणं, गाई आणि मागे डोंगर. वसाहतीच्या तोंडापासून बसथांब्यापर्यंत चालायला जागाच नव्हती. पोरं शाळेत जाताना काटेरी झुडपांना अंग घासत जायची आणि बाजूने दुधाचे टँकर सुसाट. मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेला, ईमेल लिहायला लागले. मी एकदा मागे लागले की सोडत नाही, हे माझ्या सासरी कुणालाही विचारा. उत्तर यायचं, ‘ग्रँड, बघतो.’ इथे ग्रँड म्हणजे ‘उत्तम’पासून ‘जा बाई आता’पर्यंत काहीही असू शकतं, हे तोवर मला कळलं होतं.

मग एका शनिवारी दारावरची बेल वाजली. दारात एक उंच, वयस्कर बाई. पायात चिखलाने माखलेले रबरी बूट, केस पांढरेशुभ्र आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातली गाय वळून बघेल. ‘फूटपाथवाली ती तूच का?’ म्हणाल्या. मी घरच्या पायजम्यात होते. तशीच मला घेऊन रस्त्यावर गेल्या आणि झुडपाला चिकटून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. टँकर आला. आम्ही दोघी अंग चोरून झुडपात घुसलो. माझ्या पायजम्याचा काट्यांनी निकाल लावला. ‘हं. आता कळलं,’ बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या आमच्या भागाच्या काउन्सिलर होत्या. फूटपाथ व्हायला वर्षाहून जास्त लागलं, पण झाला. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. त्यांनीही मला बजावून सांगितलं होतं, नावानेच हाक मार. पण माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं नावाने? माझी जीभच वळेना. मी आपली ‘मॅडम’ म्हणायची आणि घरात आम्ही सगळे त्यांना ‘बाई’ म्हणायचो. त्यांच्याकडूनच मला कळलं की लोकल निवडणुकीत इथे राहणाऱ्या प्रत्येकाला मत असतं, नागरिक असो वा नसो. म्हणजे मी सुटले नव्हते तर.

हळूहळू आमची गट्टी जमली. रविवारी कधी कधी त्या मला डोंगरावर घेऊन जायच्या. गाडी त्या चालवायच्या आणि मी जीव मुठीत धरून बसायची, कारण रस्ता एका गाडीपुरता आणि बाईंचं लक्ष प्रत्येक फाटकाकडे. फाटक आलं की त्या घराची हकिगत सुरू. इथल्या म्हाताऱ्याने आपल्याला कधीच मत दिलं नाही, पण निवडणूक आली की आपल्या पोस्टरसाठी खांब द्यायचा. तिथली बाई नवऱ्यापासून लपवून मत द्यायची. ह्या घरातली सगळी मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, आता एकच मत उरलंय, तेही आजारी आहे. त्यांच्या मतदारसंघाचा सगळा इतिहास मी असा फाटकाफाटकाने ऐकला.

हा मतदारसंघ एकेकाळी डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत होता. त्यांच्या नवऱ्याचे काका पहिल्यांदा निवडून आले ते मासेवाल्यांच्या मतांवर. मग कधीतरी नकाशा बदलला, समुद्रकाठ दुसरीकडे गेला. काकांनंतर नवरा उभा राहिला, तेव्हा नदीकाठची गावं होती, दूध गोळा करायची डेअरी होती. नवरा अचानक गेला आणि इथल्या रीतीप्रमाणे त्याच्या जागी बायकोला बसवलं. ‘सगळ्यांना वाटलं, ही रडत रडत मुदत संपवेल आणि घरी जाईल,’ बाई सांगायच्या. ‘मी रडले. पण मीटिंगला जाऊन आल्यावर रडले.’ पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्या स्वतःच्या जोरावर आल्या. कुठल्याही पक्षाचं कुंकू न लावता, अपक्ष.

आणि आता पुन्हा नकाशा बदलला होता. नदीकाठची गावं पलीकडच्या मतदारसंघात गेली. उरला तो डोंगर आणि कडेची आमची वसाहत, आणि ते सगळं नेऊन जोडलं अख्ख्या गावाला. आमच्या एका गल्लीत जेवढी मतं, तेवढी बाईंना डोंगरावर आठवडाभर हिंडून मिळायची नाहीत. त्यांची एक बहीण कॅनडात, गव्हाच्या सपाट प्रांतात शेतकऱ्याच्या घरी दिलेली. तिच्याकडेही हेच झालं होतं म्हणे. त्यांच्या खेडेगावी मतदारसंघाच्या नावाला आधी शेजारच्या मोठ्या गावाचं नाव जोडलं. पुढच्या खेपेला जोडनावातलं त्यांचं नावच गळालं. आता तिथे आमदाराला भेटायचं तर अर्धा दिवस गाडी हाकायची. ‘बहीण म्हणते, आम्ही कुठे गेलो नाही, तिथेच आहोत, पण मतदारसंघ आम्हाला सोडून गेला,’ बाई एकदा म्हणाल्या. त्यांनी गाडी फाटकापाशी थांबवली होती आणि खाली पसरलेल्या आमच्या वसाहतीकडे बघत होत्या. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. मी म्हटलं, आमचं घर जरा आडवं आलं ना तुमच्या? त्या हसल्या, म्हणाल्या, वेडी आहेस.

त्यांना स्वतःच्या जागेचं फारसं काही वाटत नव्हतं. वय झालं होतं, गुडघे बोलत होते. त्यांना काळजी होती ती डोंगराची. कौन्सिलवर डोंगराकडचं एकही माणूस उरलं नाही, तर बर्फात कुणाचा रस्ता आधी मोकळा होणार, वीज गेली तर कुणाचा फोन आधी उचलला जाणार? गावाच्या घोळक्यात ती चार घरं कुणाला आठवणार? आमच्या भल्यामोठ्या वसाहतीला एक फूटपाथ मिळवताना काय यातायात पडली होती, ते मी पाहिलंच होतं.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. ती समजायला इथली मतपत्रिका समजून घ्यावी लागते. इथे शिक्का मारत नाहीत, बटण दाबत नाहीत. एका मतदारसंघातून एक नाही, बरेच जण निवडून जातात, आणि आपण उमेदवारांच्या फोटो-नावांपुढे आवडीप्रमाणे नंबर घालायचे. पहिली पसंती एक, मग दोन, मग तीन. तुमचा एक नंबरवाला मोजणीत सगळ्यांत कमी मतं पडून बाद झाला, तर तुमचं मत वाया जात नाही. ते उचलतात आणि तुमच्या दोन नंबरवाल्याच्या ढिगात नेऊन ठेवतात. डोंगरावर दुधाचा धंदा करणारा तिशीतला एक शेतकरी ह्या खेपेला उभा होता. मुलगा चांगला, गुरांमागे धावणारा, लोकांच्या दारी जायला लाजणारा. बाईंनी ठरवलं, दारोदार एकच सांगायचं. एक नंबर मला आणि दोन नंबर त्याला. मी पडले तर माझी मतं त्याला मिळतील आणि डोंगराची जागा राहील.

‘पडले तर’ हे शब्द ऐकूनच मी म्हटलं, शुभ बोला की हो! पण बाईंना त्याचं काही नव्हतं. नांगरटीची तारीख सांगावी तसं त्या स्वतःच्या हरण्याचं सांगत होत्या. ‘तुमच्या लोकांच्या दारी मला घेऊन चल,’ म्हणाल्या. आमच्या वसाहतीत मराठी घरं बरीच होती. पुण्याचे, नागपूरचे, नाशिकचे, कुणी कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात, कुणी हॉस्पिटलात. एकाचंही आयुष्यात कुठल्या उमेदवाराशी बोलणं झालेलं नव्हतं.

प्रचाराला निघताना बाईंनी मला नियम सांगितले. दारात उभं राहायचं. आत जायचं नाही. बसायचं तर नाहीच नाही. दोन वाक्यं, हातात कार्ड, पुढचं दार. जाताना फाटक लावून घ्यायचं. त्यांची बाकीची मंडळी दुसऱ्या गल्ल्यांमध्ये पसरली. आम्ही दोघी पहिल्या मराठी दारात उभ्या राहिलो.

त्या घरात कराडकडच्या एक काकू होत्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इथे कायमचं आणलेलं. दार त्यांनीच उघडलं. मी सांगितलं, ह्या आपल्या काउन्सिलर, फूटपाथ ह्यांनीच केला. झालं! ‘अगं बाई, मग भायेर का हुबं केलंस त्यास्नी? पायरीवरनं परत धाडायची का माणसं?’ काकूंनी बाईंचा हातच धरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एकच मिनिट जाऊ या, नाही तर त्यांना वाईट वाटेल.

एक मिनिट! मी तरी काय, जन्म मराठी घरात काढून असं बोलले. बाईंनी बूट काढले, आत सोफ्यावर बसल्या. चहा आला, चिवडा आला, सुनेने गरम गरम थालीपीठ लावलं. नातवाला आणून उभं केलं, त्याने दोन कविता म्हटल्या. काकूंनी मला विचारलं, ह्यांचं मालक काय करतात? मी सांगितलं, नाहीत, अचानक गेले, तेव्हापासून त्यांची खुर्ची ह्याच सांभाळतात. काकूंनी हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली. मग स्वतःचं स्टूल ओढून बाईंच्या अगदी जवळ बसल्या. निघताना सून हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली आणि मध्येच थबकली, सासूकडे पाहायला लागली. काकू म्हणाल्या, ‘लाव, लाव. त्यांच्यात असलं काय नसतंय.’ आणि मग जरा थांबून, ‘आन असलं तरी लाव.’ बाईंनी काही न विचारता मान पुढे केली. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

तोवर शेजारच्या घराला बातमी लागली होती. त्यांच्याकडे थालीपीठ खाल्लं, मग आमच्याकडे नुसत्या चहावर कशा जातील? तिथे कांदेपोहे. त्याच्या पुढे ढोकळा, आणि ‘एवढंसं घ्याच’. संध्याकाळ संपली तेव्हा बाकीच्या मंडळींच्या गल्ल्याच्या गल्ल्या झाल्या होत्या आणि आमची तीन घरं. बाईंच्या कपाळावर कुंकू, पर्समध्ये डब्यातून दिलेले लाडू. मला वाटलं, आता बोलणी खाणार मी. तर बाई कुंपणाला टेकून पोट धरून हसत होत्या. ‘सगळ्या आयुष्यात प्रचार करताना मी एवढं खाल्लं नव्हतं,’ म्हणाल्या. ‘उद्या कुठे जायचं?’

आम्ही सगळी घरं केली. जेवत जेवत केली. आणि प्रत्येक घरी मी अगदी नीट, मराठीत, मतपत्रिकेचं चित्र काढून दोन नंबरचं समजावलं. अशुभ वाटायचं, तरी सांगितलं. लोक माना डोलवायचे. हो हो, कळलं, एक ह्यांना, दोन त्या गाईवाल्याला. काकूंनी मात्र बाईंकडे बघत मला विचारलं होतं, ‘बाई हितं बसून आपला च्या पितीया, आन हिच्या म्होरं दुसऱ्याचं नाव काढायचं?’ मी म्हटलं, काकू, त्याच सांगतायत तसं. ‘बरं बरं,’ काकू म्हणाल्या. मला वाटलं, पटलं.

मतदान झालं. आमचे लोक नटूनथटून गेले, शाळेच्या फाटकात घोळक्याने फोटो काढले. मीही गेले. दोरीने बांधलेली पेन्सिल हातात घेतली, बाईंच्या फोटोपुढे ‘एक’ लिहिला आणि त्या शेतकऱ्यापुढे ‘दोन’. दोन लिहिताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर मनातल्या मनात बाईंची माफीसुद्धा मागून टाकली.

दुसऱ्या दिवशी मोजणी होती, एका मोठ्या क्रीडागृहात. इथे मोजणीची एक गंमत असते. अधिकारी टेबलांवर एकेक पेटी उघडून मतपत्रिका सरळ करतात आणि अलीकडे कठड्याला टेकून सगळ्या पक्षांची माणसं डोळ्यांनी मोजत बसतात. एक जण बघून नाव बोलतो, दुसरा कागदावर रेघ ओढतो. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक इथे एकमेकांच्या रेघा जुळवतात. सरकारी निकालाच्या आधीच त्यांना कुठल्या गल्लीने कुणाला मत दिलं ते कळलेलं असतं. माझ्या शेजारी विरुद्ध पक्षाचे एक आजोबा होते. ते बोलत होते, मी रेघा ओढत होते. बाई मागे उभ्या होत्या.

आमच्या शाळेची पेटी उघडली. बाई, बाई, पुन्हा बाई. माझ्या रेघा थांबेनात. मी आनंदाने आजोबांना कोपर मारलं. डोंगर सोडून इतकी मतं बाईंना कुठेच पडली नव्हती. आजोबा मात्र पुढे वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘ह्या पत्रिकांवर फक्त एकच नंबर आहे गं. खाली काहीच नाही.’

मी पाहिलं. पत्रिकेमागून पत्रिका, बाईंच्या फोटोपुढे नीट, सुवाच्य, मराठी शाळेत घोटून घेतल्यासारखा ‘एक’. त्याच्या खाली सगळं कोरं. दोन नाही, तीन नाही, काही नाही. मी बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. तू काय लिहिलंस? तो म्हणाला, ‘मीही एकच लिहिला. दोन लिहिला की एकाची किंमत कमी होते ना.’ अरे माझ्या कर्मा! हा माणूस कॉम्प्युटरला शहाणपण शिकवतो! मी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. मागे वळले तर बाई कठड्यावर हात ठेवून त्या कोऱ्या जागांकडे बघत होत्या. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

पुढचे तास फार वाईट गेले. गावाची मतं गावच्या उमेदवारांना गेली होती, त्यामुळे बाई स्वतः निवडून येणार नाहीत हे लवकरच दिसलं. मग एकेक जण बाद होत गेला, मतं इकडून तिकडे सरकत गेली, आणि शेवटी एक जागा उरली. तिच्यासाठी तिघं जण, बाई, तो डोंगरावरचा शेतकरी आणि गावातला एक दुकानदार. तिघांत सगळ्यांत कमी मतं बाईंची, म्हणून त्या बाद झाल्या. त्यांच्या मतांचा गठ्ठा टेबलावर आणून सोडला. आता प्रत्येक पत्रिकेवरचा पुढचा नंबर बघायचा होता. डोंगरावरच्या पत्रिका भराभर शेतकऱ्याच्या खणात पडल्या. मग आमच्या यायला लागल्या. त्यांच्यासाठी टेबलाच्या टोकाला वेगळा खण होता. ज्यांच्यावर पुढे कुणीच नाही, अशा मतांचा. तो खण भरत गेला. तिथून ती मतं कुठेही जाणार नव्हती.

शेतकरी पडला. थोडक्यात पडला. टेबलाच्या टोकाच्या त्या खणातली निम्मी मतं त्याला मिळाली असती, तरी तो आला असता. हे मला दिसत होतं, आजोबांना दिसत होतं, बाईंना दिसत होतं. तो बिचारा आला, लाजत लाजत बाईंचा हात हातात घेतला, थँक्यू म्हणाला आणि दूध काढायला उशीर होतोय म्हणून गेला. बाईंनी त्याला काही सांगितलं नाही. आजोबांनी आपली टोपी काढली आणि परत घातली.

परत येताना गाडी मी चालवत होते. जूनमधली संध्याकाळ, दहापर्यंत उजेड. डोंगर समोर दिसत होता, तिकडे बघवेना. शेवटी माझा बांध फुटला. मी म्हटलं, मी सांगितलं होतं हो त्यांना, घराघरात सांगितलं होतं! बाई म्हणाल्या, ‘माहीत आहे. मी तिथेच होते, पोहे खात होते.’ आणि मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. एकदाच म्हणाल्या, ‘काकांपासूनची जागा.’ आवाज नेहमीचा नव्हता. मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिले.

वसाहतीपाशी आलो तर काकूंच्या दारात ही गर्दी. निकाल सगळ्यांना फोनवर कळला होता. मी म्हटलं, मॅडम, मी तुम्हाला सरळ घरी सोडते. आता ह्यांच्यात जाणं तुम्हाला जमायचं नाही. बाई म्हणाल्या, ‘माझ्यासाठी थांबलेत ना ते? मग थांबव.’ आत गेल्यावर कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी दिलं. काकूंनी साजूक तुपातला शिरा केला होता. बाईंच्या हातात वाटी दिली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ‘पडलीस म्हनून काय झालं गं? आमी न्हाय सोडली तुजी साथ,’ काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘सांग त्यास्नी. म्हनावं, आमच्या एका घरानंबी तुमच्याबिगर दुसऱ्याचं नाव न्हाय लिवलं. एकच लिवलं, आन कागुद मिटला.’

खोलीतली सगळी आनंदाने माना हलवत होती. माझा नवरासुद्धा. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. वाटी मांडीवर ठेवली आणि एकेकाकडे नीट पाहिलं. ‘त्यांना सांग,’ म्हणाल्या, ‘मी इतक्या निवडणुका लढले, पण माझ्या सख्ख्या दिरानेसुद्धा मला एकटीला कधी मत दिलं नाही. माझ्या खाली दोन, तीन, चार, पाच अशी माळ लावायचा.’ मी सांगितलं. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि ते हसू खरं होतं. मी त्यांना ओळखते, खोटं हसायला त्यांना येत नाही.

मग काकूंनी विचारलं, ‘आता डोंगराकडचं कोन हाय म्हनायचं, त्या कौन्सिलात? तो गाईवाला तरी आला का?’

मी म्हटलं, नाही, काकू. तोही पडला. डोंगराकडचं आता कोणी नाही.

काकूंचा हात बाईंच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. काकूंनी जन्मभर शेती केलेली, वाटणीचा हिशोब त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाल्या, ‘म्हंजी… आमी त्यो दोन लिवला आसता तर?’

खोलीत बाकीच्यांचं बोलणं चालू होतं. मी बाईंकडे पाहिलं. बाईंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण त्यांनी काकूंचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

‘काय विचारतेय ते कळलं मला,’ माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. ‘तिला नाही म्हणून सांग.’

मी म्हटलं, ‘नाही हो काकू. काही फरक पडला नसता.’